गाडी कधी चालू होते, कधी होत नाही



साफ बंद पडलेली गाडी दुरुस्त करणे त्या मानाने सोपे असते. ती बंद आहे हे मालकाला दिसते आणि मिस्त्रीलाही दिसते. मिस्त्री एकेक तपासत जातो आणि बिघाडापाशी पोचतो. डोकेदुखी असते ती दुसऱ्या प्रकारच्या गाडीची. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, दुपारी स्टँडवर काही केल्या चालू होत नाही, आणि मिस्त्रीला बोलावून आणावे तर त्याच्यासमोर पहिल्याच किल्लीला सुरू होते. मिस्त्री म्हणतो, "भाऊ, हिला काही झालेले नाही." तो गेला की दोन दिवसांनी पुन्हा तेच.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरची चूल चाकांवर चालते. कुणाची रिक्षा आहे, कुणाचा टेम्पो, कुणाची शाळेची व्हॅन, कुणाची टॅक्सी. बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला जातो. गाडी त्या दिवशी चालू झाली होती की नाही, हे बँक विचारत नाही. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे. मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो : येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडावर अंदाजाने सुटा भाग बदलू नये. आधी बिघाड पकडावा, मग खिशात हात घालावा.

गाडीला कुणाची नजर लागली असे म्हणून लिंबू-मिरची बांधणारेही आहेत. लिंबू-मिरचीने सैल टर्मिनल घट्ट होत नाही. बिघाड अधूनमधून दिसतो म्हणून तो गूढ वाटतो, इतकेच. त्यालाही कारण असते आणि ते ठराविक परिस्थितीतच डोके वर काढते : इंजिन तापले की, पाऊस झाला की, गाडी रात्रभर उभी राहिली की, किंवा खड्ड्यात आदळली की. ती परिस्थिती कोणती हे कळले म्हणजे निम्मे काम झाले.

तीनदा खर्च, मग वही

नागपूरकडच्या एका कुटुंबाची हकिगत आमच्या माहितीतली आहे. घरधनी शाळेच्या मुलांची पेट्रोलवरची व्हॅन चालवतात. मार्चचे ऊन तापू लागले तसा त्रास सुरू झाला. शाळा सुटण्याआधी अर्धा तास गाडी फाटकाजवळ लावायची, मुले बसली की निघायचे, असा त्यांचा क्रम. आठवड्यातून दोनदा तरी नेमकी त्याच वेळी गाडी चालू होईना. पाऊण तासाने आपली आपण सुरू व्हायची. तोवर मुले उन्हात. दोघा पालकांनी आपली मुले दुसऱ्या व्हॅनला लावली.

पहिल्यांदा बॅटरी नवी टाकली. मग सेल्फ उघडून कार्बन बदलले. मग प्लग बदलले. दर वेळी चार दिवस गाडी नीट चालली आणि सगळ्यांना वाटले, लागू पडले. येथे फसगत कशी होते ते समजून घ्या. जो बिघाड आठवड्यातून दोनदाच येतो, तो काहीच केले नाही तरी तीन-चार दिवस येत नाही. तेवढ्यावरून बदललेला भागच वाईट होता असे ठरत नाही.

खर्च वाढला तशी घरात बोलाचाली वाढली. शेवटी घरच्या बाईने मुलीच्या जुन्या वहीची उरलेली पाने घेतली आणि रोज संध्याकाळी नवऱ्याला विचारून लिहायला सुरुवात केली : आज अडली का, किती वाजता, किती वेळ उभी होती, सेल्फ फिरला का, शेवटी चालू कशी झाली. दोन आठवड्यांत पाच नोंदी झाल्या. पाचही वेळा इंजिन गरम होते. पाचही वेळा गाडी वीस ते तीस मिनिटे उभी होती. पाचही वेळा सेल्फ जोरात फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हते. सकाळच्या वेळेची एकही नोंद नव्हती.

मिस्त्रीने वही वाचली आणि म्हणाला, "वहिनी, सेल्फ दर वेळी जोरात फिरतो ना? मग बॅटरीचा आणि सेल्फचा यात संबंधच नव्हता." दुसऱ्या दिवशी तो गॅरेजमध्ये वाट पाहत न बसता शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी गेला. गाडी अडली तेव्हा त्याने स्कॅनर लावला. सेल्फ फिरत असताना स्कॅनरवर इंजिनचे फेरे शून्य दिसत होते. त्याने क्रँक सेन्सरवर ओले फडके ठेवले. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली. एवढा एक सेन्सर बदलला आणि त्रास संपला. त्याची किंमत बॅटरीपेक्षा कमी होती.

क्रँक सेन्सर इंजिनच्या दातेरी चाकाजवळ बसवलेला असतो. इंजिन फिरते आहे आणि कुठल्या जागी आले आहे, हे तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. ही खबर आली नाही, तर कॉम्प्युटर ठिणगीही सोडत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. सेन्सरच्या आतली बारीक तार किंवा तिचा जोड जुना झाला की तापल्यावर सुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. गाडी उभी केल्यावरच हा त्रास अधिक दिसतो, कारण इंजिन बंद होताच पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात आणि आतली उष्णता काही वेळ आजूबाजूच्या भागांत चढत राहते.

पहिला प्रश्न : सेल्फ फिरतो की नाही?

इंजिन फिरवणे हे एक काम आणि इंजिनने पेट घेणे हे दुसरे काम. पूर्वी गाडी पुढून हँडल घालून फिरवत असत. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याचा विजेवर चालणारा सेल्फ कॅडिलॅक कंपनीने आपल्या १९१२ च्या गाडीत बसवला आणि मग हँडल हळूहळू मागे पडले. आपल्याकडे जुन्या जीप आणि अँबॅसिडरला हँडल घालायची सोय होती. हँडल मारणाऱ्याला ही दोन कामे वेगळी आहेत हे सांगावे लागत नसे. फिरवण्याचे काम त्याच्या हाताचे, पेट घेण्याचे काम इंजिनचे. आता एकाच किल्लीने दोन्ही होतात, म्हणून आपण दोन्हीला मिळून "गाडी चालू होत नाही" असे म्हणतो, आणि तेथेच तपासणी चुकीच्या वाटेला लागते.

म्हणून मिस्त्रीला कधीही नुसते "चालू होत नाही" असे सांगू नका. "सेल्फ फिरत नाही" असे सांगा, किंवा "सेल्फ फिरतो पण गाडी पकडत नाही" असे सांगा.

सेल्फ फिरत नसेल तर

हेडलाइट लावा आणि कुणाला तरी समोर उभे करून किल्ली फिरवा. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. दिवे एकदम मंद झाले, तर बॅटरी उतरली आहे, टर्मिनलचा जोड खराब आहे, किंवा सेल्फ जाम होऊन जास्त वीज ओढतो आहे. दिवे जराही मंद झाले नाहीत, तर सेल्फपर्यंत वीज पोचतच नाही. मग किल्लीचा स्विच, रिले, फ्यूज, सोलेनॉइड यांच्याकडे पाहावे. दिवे जवळजवळ तसेच राहून एकच मोठा "टक" ऐकू आला, तर सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे कार्बन झिजले असण्याचा संभव असतो. "टकटकटक" असा भराभर आवाज बहुधा उतरलेल्या बॅटरीचा किंवा सैल जोडाचा असतो.

पुष्कळ जण म्हणतात, "हॉर्न वाजतो, दिवे लखख लागतात, मग बॅटरी-टर्मिनल ठीकच असणार." हा समज चुकीचा आहे. थोडा हिशोब पाहा. लहान गाडीचा सेल्फ १५० अँपिअर ओढतो असे धरू. टर्मिनलवरच्या गंजामुळे ०.०२ ओहम इतका क्षुल्लक अडथळा झाला, तरी १५० गुणिले ०.०२ म्हणजे ३ व्होल्ट तेथेच खर्च होतात. १२ व्होल्टांतले ३ गेले तर सेल्फ कसा फिरणार? दिव्याला मात्र ५ अँपिअर पुरतात. त्याच अडथळ्यावर त्याचा ०.१ व्होल्टच जातो आणि दिवा पूर्वीसारखाच दिसतो. असा जोड खड्ड्यात आदळून हलतो, कधी जुळतो, कधी सुटतो. म्हणूनच गाडी कधी चालू होते, कधी होत नाही.

हे तपासायला मल्टिमीटर लागतो. साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो आणि टेम्पो-टॅक्सीवाल्याच्या घरी तो असावाच. व्होल्टवर लावून पुढील मापे घ्या. गाडी रात्रभर उभी असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतात. १२.२ च्या खाली असेल तर ती निम्म्याहून अधिक उतरलेली आहे. सेल्फ फिरत असताना आकडा साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना पुष्कळ गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसतात. तेवढे दिसत नसतील, तर बॅटरीचा दोष नसून तिला चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडे पाहावे.

जोड तपासायचा तर मीटरची एक टोचणी बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी त्यावर बसलेल्या क्लँपवर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा जवळजवळ शून्य राहिला पाहिजे. तसेच निगेटिव्ह खुंटी ते इंजिनचे उघडे लोखंड असे माप घ्या. सेल्फ फिरताना तेथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंगची पट्टी सैल किंवा कुजलेली आहे. जुन्या गाड्यांत अर्थिंग तुटले की वीज क्लचच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढते आणि ती केबल तापते. केबल विनाकारण तापत असेल तर ही खूण लक्षात ठेवा.

सेल्फवर हलकी ठोक मारली की गाडी चालू होते, असा अनुभव असेल तर कार्बन संपत आलेले आहेत. ठोक हा उपाय नव्हे, ती निदानाची खूण आहे. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न घेणाऱ्या गाड्यांत क्लचखालचा छोटा स्विच झिजतो. पुष्कळ मोटारसायकलींना साइड स्टँडचा, क्लचचा आणि इंजिन बंद करण्याचा असे तीन स्विच असतात. पावसाळ्यात त्यांत पाणी शिरते. डॅशबोर्डवर किल्लीचे चित्र लुकलुकत असेल, तर गाडी किल्लीलाच ओळखत नाही. दुसरी किल्ली लावून पाहावी.

सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही

आता बॅटरी आणि सेल्फ यांना सोडून द्या. इंजिनला पेट्रोल, ठिणगी आणि हवा हवी असते. यांपैकी काय कमी पडते ते गाडी अडलेली असतानाच पाहायचे.

इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत किल्ली ऑन केली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद घूं असा आवाज करतो. रोज तो कान देऊन ऐकायची सवय ठेवा. ज्या दिवशी गाडी अडली त्या दिवशी तो आवाज आला नाही, तर पंप, त्याचा रिले किंवा त्याची वायर यांपैकी काहीतरी दगा देत आहे. आवाज आला आणि तरी पकडत नाही, तर ठिणगी आणि सेन्सर तपासावेत. इग्निशन कॉइलही तापल्यावर सुटणारी वस्तू आहे. पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल ओव्हर झाले असावे. पुष्कळ इंजेक्शन गाड्यांत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला की पेट्रोल थांबते आणि साचलेले बाहेर पडते.

जुन्या कार्बोरेटर गाड्यांत उन्हाळ्यात पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडत असे. त्यासाठी पद्मिनी टॅक्सीचे चालक पंपावर ओले फडके ठेवत. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, पण ओल्या फडक्याची युक्ती तपासणीसाठी अजून कामाची आहे. ज्या भागावर गार फडके ठेवल्याने गाडी चालू होते, तो भाग संशयित. फडके मात्र नीट पिळून घ्यावे. वायरच्या जोडांत पाणी जाऊ देऊ नये.

सीएनजीच्या गाड्या चालवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर चालू होतात आणि मग गॅसवर जातात. गॅस स्वस्त म्हणून टाकीत पेट्रोल जेमतेम ठेवले जाते. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. पेट्रोल तळाला गेले की पंप तापतो आणि एक दिवस जळतो. महिनोन् महिने तेच पेट्रोल राहिले तर ते शिळेही होते. चतुर्थांश टाकी तरी ताजे पेट्रोल असावे.

डिझेलच्या गाडीला प्लगची ठिणगी नसते. सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, पण एकदा चालू झाली की दिवसभर त्रास नाही, असे असेल तर दोन शक्यता. थंडीतच होत असेल तर हीटर प्लग. बाराही महिने होत असेल तर डिझेलच्या लाइनमध्ये कुठेतरी हवा शिरते आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरते. जुन्या पद्धतीच्या डिझेल गाडीत फिल्टरच्या पुढे थोडा वेळ पारदर्शक नळी लावून पाहिली की हवेचे बुडबुडे दिसतात. नव्या कॉमन रेल गाडीत हे काम मिस्त्रीनेच करावे. तेथे इंजिनजवळच्या नळीतला दाब शरीराला इजा करण्याइतका असतो.

हे करू नये

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मधे अर्धा-एक मिनिट थांबावे. नाहीतर बिघाड दुसरीकडे असताना सेल्फ जळतो. स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करून गाडी चालू करू नये. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर अंगावर येते. बॅटरीतून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी काढावी आणि जोडताना शेवटी लावावी. एका दिवशी दोन भाग बदलू नयेत. गाडी नीट झाली तरी कशाने झाली ते कळत नाही, आणि जुना चांगला भाग भंगारात जातो.

स्कॅनरवर सगळा भरवसा ठेवू नये. स्कॅनरमध्ये कोड नाही म्हणजे बिघाड नाही, असे नव्हे. गंजलेल्या अर्थिंगचा कोड नेहमी उमटतोच असे नाही. कोड आला तरी तो कुठल्या भागाकडे पाहावे एवढेच सांगतो. तो भागच वाईट की त्याची वायर, हे माणसानेच तपासायचे असते. गाडी अडलेली असताना संशयित वायर हलवून पाहिली आणि ती चालू झाली, तर भाग विकत घेण्याआधी तो जोड साफ करा.

मजुरीविषयी दोन शब्द

येणारा-जाणारा बिघाड शोधायला वेळ लागतो. मिस्त्रीला गाडी दिवसभर ठेवून घ्यावी लागते, किंवा ती जेथे अडते तेथे यावे लागते. आपली रीत अशी की हजारोंची बॅटरी आपण मुकाट्याने घेतो, पण "अर्धा दिवस वायर तपासली, त्याचे पैसे द्या" असे मिस्त्री म्हणाला की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. मग तोही शिकतो की शोधण्याचे पैसे मिळत नाहीत, भाग बदलण्याचे मिळतात. तो भाग बदलतो. दोष एकट्या त्याचा नाही. शोधण्याची मजुरी आधी ठरवा आणि ती आनंदाने द्या. बदललेला जुना भाग मागून घ्या आणि तो का बदलला ते विचारा. चांगल्या मिस्त्रीला या विचारण्याचा राग येत नाही.

आणि वही ठेवा. तारीख, वेळ, ऊन की पाऊस, इंजिन थंड की गरम, किती वेळ उभी होती, सेल्फ फिरला की नाही, कसला आवाज आला, डॅशवर कुठला दिवा होता, टाकीत इंधन किती होते, आणि शेवटी कशाने चालू झाली. चालवणाऱ्याला लिहायला सवड नसेल तर घरातल्या कुणीही संध्याकाळी विचारून लिहावे. शाळेत जाणारी मुलेही हे काम छान करतात. मोबाइलवर आवाज आणि डॅशचे दिवे टिपून ठेवले तर आणखी बरे. चार-पाच नोंदी झाल्या की त्या मिस्त्रीपुढे ठेवा आणि त्याला शांतपणे वाचू द्या. त्यानंतरच बॉनेट उघडायला सांगा.